पेवातल्या चोवीस बाटल्या

रेवणप्पांनी बाटल्या तिसऱ्यांदा मोजल्या. तिसऱ्यांदाही त्या तेवीसच भरल्या.

पेवाच्या तळाशी ते उकिडवे बसले होते. वर पेवाच्या तोंडातून परातीएवढं आभाळ दिसत होतं आणि त्या आभाळात नागम्माचं डोकं.

“अगं, एक बाटली कमी हाय!” ते खालून ओरडले.

“नीट मोजा.”

“तीनदा मोजल्या.”

“मग आणिक एकदा मोजा. तव्यावर भाकरी हाय माझी,” असं म्हणून ते डोकं आभाळातून नाहीसं झालं.

रेवणप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. बाटल्यांना साल भरायला एक दिवस राहिला होता. उद्या दुपारी पुण्याहून लेकीच्या कारखान्याचा मालक येणार, आणि आज बाटली गायब.

हे पेव रेवणप्पांच्या आज्यानं खणलेलं. अणदूरच्या त्यांच्या घरामागं, गोठ्याच्या कडेला. तोंड लहान, पोट मोठं, आतून शेणामातीनं लिंपलेलं. पूर्वी त्यात चाळीस पोती ज्वारी बसायची. आता घरात पिकते तेवढी ज्वारी पत्र्याच्या कोठीत मावते, म्हणून पेव रिकामं पडलं होतं. बाहेर वैशाख असो नाहीतर पौष, आत एकसारखा गारवा. तोच गारवा बघून महेश्वरीनं गेल्या मार्गशीर्षात लाकडी खणांच्या दोन पेट्या आणून त्यात ठेवल्या. एका पेटीत बारा बाटल्या.

महेश्वरी त्यांची लेक. पुण्यात बियर करणाऱ्या एका कारखान्यात कामाला. एवढं एक वाक्य गावात बोलायला रेवणप्पांना दोन वर्षं लागली होती. गळ्यात लिंग, रोजची शिवपूजा, आज्या-पणज्यांपासून घरात कुणी दारूच्या वासाला उभं राहिलेलं नाही. आधी ते ‘औषधाच्या कंपनीत हाय’ असं सांगत. मग शेजारच्या हिंमतरावांनी मोबाईलवर कुठूनतरी तिचा फोटो शोधून काढला. पिंपाएवढ्या नव्हे, खोलीएवढ्या भांड्याशेजारी उभी असलेली महेश्वरी. हिंमतरावांनी तो फोटो स्टँडवरच्या सगळ्या हॉटेलांत फिरवला. त्यानंतर लपवण्यात काही राम उरला नाही.

बरं, या बियरमध्ये रेवणप्पांचाही हात होता, आणि ते दुखणं वेगळंच.

रेवणप्पा चाळीस वर्षं गुळव्या. गुऱ्हाळात काहिलीशी उभं राहून रस कधी उतरवायचा ते सांगणारा माणूस. गुळव्याची सगळी अक्कल एका गोष्टीत असते, रस काळा पडू द्यायचा नाही. आणि दोन हिवाळ्यांमागं ही पोरगी घरी येऊन म्हणाली, “आप्पा, मला काकवी करून द्या. काळी पाहिजे.”

“काळी म्हंजे?”

“जळायच्या एक पाऊल अलीकडची.”

त्यांनी शेजारच्या गुऱ्हाळात लहान काहील मागून घेतली. रस तांबडा झाला, तपकिरी झाला, आणि ती म्हणे, “अजून, आप्पा.” वास बदलला, त्यांनी काहील उतरवायला हात घातला, आणि ती म्हणे, “अजून थोडी.” शेवटी डांबरासारखी काकवी झाली तेव्हा रेवणप्पांनी तोंड फिरवलं. तिनं बोट बुडवून चाखलं, डोळे मिटले आणि म्हणाली, “हीच.” जन्मात पहिल्यांदा जाणूनबुजून काहील जाळली म्हणून त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

“ही बियर बेल्जियमची तऱ्हा आहे, आप्पा. काळी, कडक. तिथं मठातले स्वामी करतात.”

“मठातले स्वामी?”

“हो. देवाचं करायचं आणि बियर करायची.”

“हे आपल्या मठात कुणाला सांगू नको,” रेवणप्पा म्हणाले, आणि तो विषय त्यांच्यापुरता संपला.

पण तो संपायचा नव्हता. कारण ती बियर ताजी असताना तिच्या मालकाला आवडली नाही. शिवकुमार त्याचं नाव, मूळचा अक्कलकोटचा. तो म्हणाला, नुसती तिखट लागते, घशाला लागते. महेश्वरी म्हणाली, ही ताजी प्यायची नसतेच, हिला वर्षभर मुरू द्यायचं असतं. तो म्हणाला, माझ्याकडे वर्षभर अडवून ठेवायला जागा नाही. ती म्हणाली, माझ्या गावाला पेव आहे. यावर तो खूप हसला म्हणे. हसून झाल्यावर त्यानं करार केला. चोवीस बाटल्या पेवात ठेव. वर्षानं मी येऊन माझ्या हातानं कुठल्याही तीन उचलीन. तिन्ही चांगल्या निघाल्या तर ही बियर दरवर्षी करायची, आणि ती करणारी मुख्य तू. एकही बिघडली तर हा विषय परत काढायचा नाही आणि आंब्याची बियर करत बसायचं, जी महेश्वरीला डोळ्यांसमोर नको होती. “एक चांगली निघणं नशीब असतं,” तो म्हणाला होता, “तिन्ही चांगल्या निघणं म्हणजे काम.”

पेट्या पेवात उतरवताना महेश्वरीनं बापाला बजावलं होतं. हलवायच्या नाहीत, आडव्या करायच्या नाहीत, उजेड दाखवायचा नाही. रेवणप्पा म्हणाले होते, “काडी इकडची तिकडं होणार न्हाय.” त्यांनी तो शब्द पाळलाही. महिन्याला एकदा उतरायचं, तिनं टांगलेल्या तापमापकावरचा आकडा बघायचा, वर येऊन कॅलेंडरवर लिहायचा, बस. बाटल्यांना त्यांनी बोटसुद्धा लावलं नाही.

गावानं मात्र वर्षभर त्यांचं डोकं खाल्लं, आणि त्यात हिंमतराव सगळ्यांच्या पुढं.

“रेवणप्पा, एक तरी काढा की. गार करू.”

“ती गार पीत न्हायत.”

“मग काय गरम पित्यात? चहा हाय का?”

“साल झाल्याबिगर ती पीतच न्हायत, हिंमतराव.”

“सालभर दारू घरात ठिवून प्यायची न्हाय! तुमच्यासारख्या माणसाच्याच हाती पडावं हे.”

म्हणूनच, पेवातून शिडीवरून वर आल्या आल्या रेवणप्पा तडक हिंमतरावांच्या दारात गेले. हिंमतराव खाटेवर बसून दाढी करत होते. अर्ध्या गालाला फेस.

“बाटली द्या,” रेवणप्पा म्हणाले.

“कंची बाटली?”

“एक कमी हाय. पेवाला कुलूप न्हाय हे कुणाला म्हाईत व्हतं? तुम्हाला. वर्षभर जीभ कुणाची वळवळत व्हती? तुमची.”

“म्या चोर?” हिंमतराव वस्तरा घेऊनच उभे राहिले. “खंडोबाच्या भंडाऱ्याची आण, रेवणप्पा, म्या बाटलीला हात लावला न्हाय! मागून मागून तोंड दुखलं माझं. चोरायचीच असती तर मागितली असती का?”

हे म्हणणं रेवणप्पांना पटण्यासारखं होतं, म्हणूनच त्यांना जास्त राग आला. तेवढ्यात नळापाशी भांडी घासणाऱ्या हिंमतरावांच्या सुनेच्या हातातून तांब्या निसटला. अर्पिता तिचं नाव. पदर नीट करून ती हळूच म्हणाली, “आप्पा, मामंजींनी घेतली न्हाय. ती फुटली.”

“फुटली? पेवात बसल्या बसल्या कशी फुटली?”

“पेवात न्हाय. उन्हात.”

“उन्हात?”

“नागम्माअव्वांना विचारा,” असं म्हणून अर्पितानं परत भांड्यात डोकं घातलं.

नागम्मा भाकऱ्या आटोपून चुलीपुढं बसली होती. नवरा दारात कमरेवर हात ठेवून उभा राहिला तशी तिनं न विचारताच सुरुवात केली.

“बुरशी धरली व्हती त्यांना.”

“कशाला?”

“बाटल्यांना. तळाला पांढरं साचलेलं. हिंमतरावांनी पेवात उतरून मोबाईलवर फोटू काढून दावला मला. म्हनले, वैनी, पोरीचा माल नासला.”

कुंपणापलीकडून हिंमतरावांचा आवाज आला, “म्या नुस्तं दिसलं ते बोललो!”

“तो आंबवायचा खमीर असतो, अगं! तिनं सांगितलं व्हतं. तळाला बसतो तो.”

“तुम्हाला सांगितलं. मला कुणी सांगितलं?” नागम्मा म्हणाली. “वैशाखात तुम्ही तेरला लग्नाला गेलाव. दोन दिस कडक ऊन पडलेलं. म्या डाळी काढल्या, लोणच्याच्या बरण्या काढल्या, रजया काढल्या. म्हनलं पोरीच्या बाटल्यांना बी ऊन दाखवावं. वस्तू टिकती.”

बायको ज्याला त्याला ऊन दाखवायची, हे रेवणप्पांना पन्नास वर्षं माहीत होतं. शालूला, मिरच्यांना, त्यांच्या पोथीला. एकदा तर रेडिओलाही. फक्त महेश्वरीच्या बाटल्या त्या यादीत येतील हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं.

“चोवीसच्या चोवीस?”

“नऊ. अर्पिताला खाली उतरवली व्हती टोपली देऊन. नऊ काढल्या आन् तिला घाबरं व्हायला लागलं. एक दुसऱ्या दिशी दुपारी फट्‌दिशी फुटली. गच्चीवरचे कावळे उडाले.”

“आन् बाकीच्या आठ?”

“ठिवल्या परत.”

“कुठं? कुठल्या खणात?”

“ज्या खणात जागा दिसली त्या खणात,” नागम्मा म्हणाली आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला. “पोरीला सांगू नका वो. शिव्या देणार न्हाय ती. नुस्ती गप बसंल. तिचं गप बसणं मला सोसत न्हाय.”

तेवीस बाटल्या, त्यातल्या आठांना उन्हाचा चटका बसलेला, आणि त्या पंधरांत मिसळलेल्या. मालक डोळे झाकून तीन उचलणार. चाळीस वर्षं रस बघितलेल्या माणसाला हे कळायला गणित लागत नव्हतं. पोरीचं काम गेल्यात जमा होतं, आणि ते बुडणार होतं तिच्या हातून नव्हे, त्यांच्या पेवात.

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते पेवात उतरले. सोबत कंदील. पहिली बाटली उचलून त्यांनी उजेडापाशी धरली आणि त्यांच्या तोंडून आपोआप ‘शिवा शिवा’ निघालं. महेश्वरीनं प्रत्येक बाटलीचं तोंड लाल मेणात बुडवून काढलं होतं. या बाटलीचं मेण घसरून मानेवरून ओघळलं होतं आणि त्यात गच्चीवरची कुसळं चिकटली होती. त्यांनी दुसरी बघितली. मेण जसंच्या तसं, बांगडीसारखं गोल. तिसरी, तशीच गोल. चौथी, ओघळलेली.

म्हणजे ओळखू येत होत्या. आठ वेगळ्या काढायच्या, कडब्याखाली लपवायच्या, आणि मालकापुढं चांगल्या पंधरा ठेवायच्या. उरलेल्यांचं काय, असं विचारलं तर फुटल्या म्हणायचं. एक तर खरंच फुटली होती.

त्यांनी चार बाटल्या बाजूला काढल्या आणि हात थांबला. गुऱ्हाळात कधी ढेप बिघडली तर ते ती पोत्यांमागं दडवत नसत. व्यापाऱ्यापुढं वेगळी मांडून म्हणत, ही बिघडली हाय, हिचा भाव वेगळा. त्यामुळं बाकीच्या ढेपा व्यापारी न फोडता घेई. आता म्हातारपणी, पोरीच्या कामात, खोटं सुरू करायचं?

सांगून टाकायचं, त्यांनी ठरवलं. मालक आला की आधी सांगायचं, मग बाटल्या.

वर गाडीचा हॉर्न वाजला. दुपारी येणारे लोक सकाळी साडेसातला दारात उभे होते.

“आप्पा!” महेश्वरीचा आवाज. “अव्वा, आप्पा कुठं आहेत?”

“पेवात,” नागम्मा म्हणाली. तिच्या आवाजावरून वाटावं, आप्पा पेवातच राहतात.

रेवणप्पांनी घाईघाईनं चारही बाटल्या परत खणात घातल्या आणि शिडी चढून वर आले, तोवर मालक पेवाच्या तोंडाशी येऊन वाकला होता. गोरा, टक्कल पडलेला, पायात पांढरे बूट.

“हेच का ते! मी उतरू?”

“थांबा!” रेवणप्पा ओरडले. “खाली हवा हाय का न्हाय ते जळत्या कंदिलावरनं कळतं, तो म्या इझवून आणला. आता थांबा जरा. आन् त्याच्या आधी मला एक—”

“आप्पा, आधी चहा घेऊ द्या त्यांना,” महेश्वरी म्हणाली आणि वाकून त्यांच्या पाया पडली. तिचा चेहरा ओढलेला होता. रात्रभर झोपली नसावी.

“व्हय, पण त्या बाटल्यांचं—”

“राम राम साहेब!” कुंपणावरून हिंमतराव आले. इस्त्रीचा सदरा, गंध. “आमचंच गाव समजा. रेवणप्पांनी लई जिवापाड जपला तुमचा माल. आमाला थेंब दावला न्हाय.”

“हिंमतराव, जरा गप बसता का? मालक, मला सांगायचं व्हतं की—”

“पोहे की उप्पीट?” नागम्मा दारातून म्हणाली. तिनं रेवणप्पांकडे अशा नजरेनं बघितलं की त्यांनी पोह्यांची ताटली पुढं ओढली. पोहे झाले, चहा झाला, अक्कलकोटच्या कोणत्या आळीतले, मामा कोण, आत्या कुणाकडं दिलेली, हे सगळं झालं. रेवणप्पा तोंड उघडायचे आणि कुणीतरी ताट पुढं करायचं. मग हिंमतरावांनी आपण होऊन शिडीवरून पेट्या वर आणल्या, इतक्या आनंदानं की स्वतःच्या पोरीच्या लग्नातही त्यांनी एवढी धावपळ केली नव्हती.

घरात देव होते, म्हणून बाज गोठ्याच्या सावलीत टाकली. महेश्वरीनं पिशवीतून बुटके, गोल पोटाचे काचेचे पेले काढून पुसले.

“एवढ्याशात?” हिंमतराव म्हणाले.

“एवढ्याशातच. हिला घोटभर घ्यायचं आणि तोंडात थांबू द्यायचं.”

शिवकुमारनं पेट्यांवरून नजर फिरवली. “तेवीसच?”

“एक फुटली,” रेवणप्पा म्हणाले. आता सांगावंच. “आन् त्याचं कारण असं की—”

“फुटते कधीकधी,” शिवकुमार म्हणाला आणि डोळे मिटून त्यानं पहिली बाटली उचलली.

मेण गोल. रेवणप्पांनी श्वास सोडला. मालकानं झाकण काढलं, हळू ओतलं. काळसर तांबडी बियर, वर बदामी फेस. वास घेतला, घोट घेतला, आणि बराच वेळ तो गोठ्यातल्या म्हशीकडे बघत बसला.

“मनुका,” तो शेवटी म्हणाला. “खजूर. आणि मागून जळका गूळ येतो. घशाला लागत नाही आता. महेश्वरी, ही तीच आहे?”

महेश्वरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं पेला बापापुढं धरला. रेवणप्पांनी तो तोंडाला लावला नाही, नुसता वास घेतला. आणि त्यांना ती जळलेली काहील आठवली, तोच वास, पण आता त्यातला जळकेपणा निघून गेला होता. काहीतरी शांत झालं होतं त्यात. वर्षभरात. पेवात.

“दुसरी,” शिवकुमार म्हणाला आणि हात घातला. त्याच्या हातातल्या बाटलीवर मेणाचा ओघळ आणि कुसळ होतं.

“ती नको!” रेवणप्पांच्या तोंडून निघून गेलं.

“का? करार कुठल्याही तीनचा आहे,” मालक हसला. त्यानं ओतली. फेस आला नाही म्हटलं तरी चालेल. घोट घेतला आणि त्याचं तोंड वाकडं झालं. “झालं,” तो म्हणाला. पेला त्यानं खाली ठेवला. “वाईट वाटतं मला, खरंच. पण झालं.”

महेश्वरीनं तोच पेला उचलला. वास घेतला, घोट घेतला, जमिनीवर थुंकला, पुन्हा घेतला.

“ओल्या पुठ्ठ्याचा वास येतोय,” ती म्हणाली. “बियर बिघडलेली नाही ही. हिला ऊन लागलंय, सर.”

“पेवात ऊन?”

“कुठं ते मला माहीत नाही. पण हिनं उष्णता खाल्लीय. चांगली कडक, एक-दोन दिवस. एकदाच.” तिनं बापाकडे बघितलं. “आप्पा?”

दारात नागम्मा उभी होती, पदराचं टोक तोंडात. रेवणप्पांनी एकदा तिच्याकडे बघितलं.

“म्या ठिवली उन्हात,” ते म्हणाले. “माझी चूक.”

“खोटं कशाला बोलताव वो, सकाळी शिवपूजा करून?” नागम्मा तरातरा पुढं आली. “म्या ठिवली, महेश्वरी. नऊ ठिवल्या व्हत्या. बुरशी वाटली मला. ह्ये तर तेरला गेले व्हते जेवायला.”

“जेवायला न्हाय, लग्नाला!”

“तिथं जाऊन जेवलाच ना?”

महेश्वरी गप्प. तेच ते गप्प बसणं. नागम्माची मान खाली गेली.

शिवकुमारनं कपाळ चोळलं. “आई, तुम्ही खरं बोलत असाल. पण बियर वाईट निघाली की सगळे हेच सांगतात. ऊन लागलं, गाडी हलली, बर्फ वितळला. मी कशावरून धरू?”

“ह्याच्यावरून,” रेवणप्पा म्हणाले आणि शेवटी, पहिल्यांदाच, त्यांना कुणी अडवलं नाही. त्यांनी पेट्यांतून एकेक बाटली काढायला सुरुवात केली. ओघळलेल्या मेणाच्या डाव्या हाताला, गोल मेणाच्या उजव्या हाताला. डावीकडं सात झाल्या, उजवीकडं चौदा. “ह्या सात उन्हातल्या. ह्या चौदांना म्या साल झालं बोट लावलेलं न्हाय. डावीकडची फोडाल तर पुठ्ठा निघंल, उजवीकडची फोडाल तर मघासारखी. गुळाची बिघडलेली ढेप म्या कधी दडवली न्हाय. ह्ये बी सकाळधरनं सांगायलोय, कुणी बोलू देईल तर ना!”

शिवकुमारनं ओघळाचं मेण नखानं खरवडून बघितलं. मग म्हणाला, “महेश्वरी, पाठ फिरव.”

तिनं पाठ फिरवली. त्यानं उजवीकडच्या दोन आणि डावीकडची एक फोडली, तीन पेल्यांत ओतली, पेल्यांची जागा दोनदा बदलली आणि फेस बसेपर्यंत थांबला. हिंमतराव वाकून बघत होते. रेवणप्पांनी त्यांना सदरा धरून मागं ओढलं. महेश्वरीच्या डोळ्यांवर नागम्माचा पदर बांधला, नागम्मानंच बांधला, आणि शिवकुमारनं पहिला पेला लेकीच्या हातात दिला.

“पेव,” महेश्वरी म्हणाली.

दुसरा पेला. तिनं तो नाकापाशी नेला आणि तोंडाला न लावताच परत दिला. “ऊन.”

तिसरा. ती थांबली. तिनं एक घोट घेतला, मग आणखी एक.

“पेव,” ती म्हणाली. “पण ही पहिलीपेक्षा थोडी जास्त मुरलीय. पेटीच्या कडेच्या खणातली असेल, भिंतीकडची.”

“ते मला माहीत नाही,” शिवकुमार म्हणाला, “पण तिन्ही बरोबर.” त्यानं पेवातल्या दोन्ही पेल्यांतलं उरलेलं सावकाश संपवलं. “पेवातल्या तीन फोडल्या. तिन्ही चांगल्या. करार हाच होता. करू या, दरवर्षी. तूच कर.”

महेश्वरीनं पदर सोडला नाही. डोळ्यांवर बांधलेला तसाच ठेवून तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकवलं. नागम्मा तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिली, “चुकलं गं बाय, चुकलं,” आणि मधेच, “वाळलीस किती,” आणि लगेच परत, “चुकलं.”

“फक्त एक,” शिवकुमार म्हणाला. “असा गारवा मला पुण्यात मिळणार नाही. पुढच्या वेळी दोनशे बाटल्या. इथंच, पेवात. आप्पा सांभाळतील.”

“दोनशे?” रेवणप्पा उठून उभे राहिले. “आवो, चोवीस सांभाळताना माझा जीव गेला! ह्यो शेजारी, ही बायकू, त्यात दोनशे?”

“कुलूप लावू,” महेश्वरी म्हणाली. ती हसत होती. वर्षभरात पहिल्यांदा.

“कुलपाची किल्ली ही लुगड्यांत ठिवणार आन् लुगड्यांना ऊन दाखवणार!”

उरलेल्या बारा चांगल्या महेश्वरीनं स्वतःच्या हातानं गाडीत ठेवल्या. डावीकडच्या सहा तशाच पडल्या होत्या. त्या ओतून द्यायच्या असं तिनं म्हणताच हिंमतरावांनी बाजेवरून अशी उडी मारली की म्हैस बुजली. रेवणप्पांनी हात हलवून ‘घ्या’ म्हटलं, कारण नाही म्हणायची ताकद त्यांच्यात उरली नव्हती. हिंमतरावांनी एक बाटली फोडली, आपल्या घरून आणलेल्या स्टीलच्या गिलासात काठोकाठ ओतली आणि गटागटा अर्धा गिलास संपवला. डोळे पुसले.

“वा! ह्याला म्हणत्यात माल,” ते म्हणाले. “उगाच साल घातलंत, रेवणप्पा. लई भारी लागतीया.”

“ती नासलेली हाय, हिंमतराव.”

“नासलेली कशानं? उन्हानंच चव आली तिला.” त्यांनी दुसरा घोट घेतला आणि पेवाकडे बोट दाखवलं. “पुढच्या साली दोनशे ठिवाल, त्यातल्या पन्नास वैनीकडून गच्चीवर घालून घ्या.”

नागम्मानं नवऱ्याकडे बघितलं. त्या बघण्यात, रेवणप्पांना स्पष्ट दिसलं, थोडी आशा होती.

पेवाची शिळा दोन्ही हातांनी ओढून त्यांनी तोंडावर बसवली, कडेनं माती दाबली, आणि तिच्यावर मांडी घालून बसले. जेवायला हाक आली तरी उठले नाहीत.